आपला मंत्री: गिरडच्या टेकडीवरून

गिरडची टेकडी चढू लागलं की पायाखाली चित्रविचित्र दगड येतात. एखादा सुपारीएवढा, एखादा थेट जायफळासारखा, एखादा खोबऱ्याच्या वाटीसारखा. भूगर्भशास्त्रवाले सांगतात, हे झिओलाइट नावाच्या खनिजाचे गोळे आहेत. टेकडीवर मात्र वेगळंच ऐकायला मिळतं. दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी शेख ख्वाजा फरीद यांची टर उडवली. बाबांनी त्यांचा सगळा माल जागच्या जागी दगड करून टाकला. व्यापारी पाया पडले, तेव्हा बाबांनी वाळक्या पानांचा नवा माल करून दिला. ते दोघे मग इथेच राहिले आणि टेकडीवरच्या दोन कबरी त्यांच्याच, असं म्हणतात. ही कथा इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरवाल्यांनीही उतरवून घेतली आहे. आजही नवस बोलायला हिंदू-मुसलमान दोघंही ही टेकडी चढतात.

आपला माल क्षणात दगड होतो आणि कुणाची मर्जी फिरली की वाळक्या पानाचाही माल होतो, हे गिरडच्या माणसाला निवडणुकीच्या दिवसांत वेगळं समजावून सांगावं लागत नाही. समुद्रपूर तालुक्यातलं हे गाव वर्ध्याहून सुमारे 60 किलोमीटर दूर, जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला आहे. इथून उमरेड जवळ पडतं. कापूस, सोयाबीन, तूर ही पिकं, मागे जंगल, आणि जंगलातून रात्री उतरणारी रानडुकरं. अशा गावात प्रचाराला आलेला प्रत्येक पक्ष एक वाक्य हमखास टाकून जातो: 'यांना निवडून द्या, हे मंत्री होणार.' मत आमदाराला किंवा खासदाराला मागायचं, आणि आमिष मंत्रिपदाचं दाखवायचं. हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं आहे की त्याचा एकदा हिशेब मांडायला हरकत नाही. वर्धा जिल्ह्यातून, वर्ध्याच्या नावावर किंवा वर्ध्याच्या आधाराने जे मंत्री झाले, त्यांच्या कारकिर्दीतून गिरडसारख्या टोकाच्या गावापर्यंत काय पोचलं?

हिशेबाआधी आकार लक्षात घेऊ. वर्धा लोकसभा मतदारसंघात वर्धा, देवळी, आर्वी आणि हिंगणघाट यांच्याबरोबर अमरावती जिल्ह्यातले धामणगाव रेल्वे आणि मोर्शीही येतात. मतदार सोळा-सतरा लाख. गिरड ज्यात येतं तो हिंगणघाट विधानसभा मतदारसंघ एकटाच तीन लाखांच्या आसपास मतदारांचा. आता कॅरिबियन समुद्रातली बेटं बघा. सेंट लुशिया या स्वतंत्र देशाची सगळी लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या घरात, आणि तेवढ्यांसाठी संसदेत निवडून येणारे 17 सभासद. डॉमिनिकाची लोकसंख्या सत्तर हजारांच्या आसपास, जागा 21. सेंट किट्स आणि नेव्हिस तर त्याहून लहान, तिथे निवडून येणाऱ्या जागा 11. म्हणजे एखादा देश त्याच्या पंतप्रधानासकट आपल्या हिंगणघाट मतदारसंघात मावेल आणि तरी जागा उरेल. अशा ठिकाणी सत्ताधारी पक्षाच्या निवडून आलेल्या सभासदांतले बरेचसे मंत्रीच होतात. आरोग्यमंत्री बाजारात भेटतो, त्याची आई तुमच्या आईच्या ओळखीची असते, आणि दवाखान्यात औषध नसेल तर ते त्याच्या तोंडावर सांगता येतं. त्यात गटबाजी आणि वशिलेबाजीही आलीच, पण मंत्री म्हणजे नेमका कोण हे तिथल्या माणसाला दिसतं तरी. गिरडच्या माणसाला मंत्री दिसतो तो फलकावर, ताफ्याच्या धुळीत किंवा टीव्हीवर. टीव्हीचा विषय पुढे येणारच आहे, कारण या हिशेबातलं सर्वात मोठं नाव टीव्हीशीच जोडलेलं आहे.

तसं पाहिलं तर मंत्री करण्यापेक्षा मंत्री काढून टाकण्यासाठी वर्धा आधी प्रसिद्ध झालं. 1937 मध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाडात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं. पंतप्रधान, त्या काळी मुख्यमंत्र्याला असंच म्हणत, नागपूरचे डॉक्टर नारायण भास्कर खरे. महाकोशलच्या तिघा मंत्र्यांशी त्यांचं जमेना. जुलै 1938 मध्ये खऱ्यांनी राजीनामा दिला. त्या तिघांनी द्यायला नकार दिला. गव्हर्नरने त्यांना बडतर्फ केलं, आणि खऱ्यांनी नवं मंत्रिमंडळ बनवलं. काही दिवसांत काँग्रेस कार्यकारिणीची बैठक वर्ध्यात भरली आणि खऱ्यांना पायउतार व्हावं लागलं. त्यांच्या जागी रविशंकर शुक्ल आले. प्रांताचं सरकार बसायचं नागपुरात, पण त्याचा निकाल लागला वर्ध्यात. मराठी मुलखाला हे फार दिवस लागलं होतं. खरे पुढे काँग्रेसच्या बाहेर गेले, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बसले, हिंदू महासभेचे अध्यक्ष झाले. वर्धा मात्र गांधींचंच राहिलं, आणि गांधींच्या गावाला मंत्री कशाला हवेत, असा एक सोवळा समज इथे रुजला.

तो समज लोकसभेत बराच काळ टिकला. 1952 मध्ये पहिले खासदार झाले श्रीमन्नारायण अग्रवाल, जमनालाल बजाजांचे जावई आणि वर्ध्याच्या कॉमर्स कॉलेजचे प्राचार्य. ते पुढे योजना आयोगात गेले, नेपाळात राजदूत झाले, गुजरातचे राज्यपाल झाले, पण केंद्रात मंत्री झाले नाहीत. मग जमनालालांचे चिरंजीव कमलनयन बजाज 1957 पासून तीन वेळा निवडून आले. तेही मंत्री नाहीत. 1971 मध्ये जगजीवनराव कदम, 1977 मध्ये संतोषराव गोडे. देशभर काँग्रेसची धूळधाण उडत असताना 1977 मध्ये विदर्भ काँग्रेसच्या मागे उभा राहिला होता, हे गोड्यांच्या विजयात दिसलंच. पण दिल्लीत तेव्हा सरकारच दुसऱ्याचं.

मग आले वसंत साठे.

साठ्यांची कारकीर्द मुळात वर्ध्याची नव्हती. जन्म नाशिकचा, 5 मार्च 1925 चा. शिक्षण आणि वकिली नागपूरची. तरुणपण समाजवाद्यांत आणि कामगार संघटनांत गेलं, काँग्रेसमध्ये ते साठच्या दशकात आले. लोकसभेत पहिल्यांदा गेले ते 1972 मध्ये अकोल्यातून, पोटनिवडणुकीत. 1977 मध्येही अकोलाच. त्या पडत्या काळात ते इंदिरा गांधींबरोबर राहिले आणि विरोधी बाकांवरून इंदिराजींची बाजू जोरात मांडली. 1980 मध्ये त्यांना वर्ध्यातून उभं केलं गेलं. त्या दशकात विदर्भ हे दिल्लीच्या पुढाऱ्यांचं हक्काचं घर होतं. गुलाम नबी आझाद वाशीममधून येत, पी. व्ही. नरसिंह राव रामटेकमधून. त्यांच्या मानाने साठे घरचेच म्हणायला हवेत. निदान ते सभेत मराठीतून बोलत, आणि चांगलं बोलत.

जानेवारी 1980 मध्ये ते माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. वर्ध्यातून लोकसभेवर गेलेल्या माणसाला केंद्रात मंत्रिपद मिळालं, असं हे पहिलंच उदाहरण. या खात्यात साठ्यांनी ज्यासाठी हट्ट धरला ती गोष्ट म्हणजे रंगीत दूरदर्शन. आज गमतीची वाटेल, पण तेव्हा ही भांडणाची बाब होती. गरीब देशाला रंगीत टीव्ही ही चैन कशाला, शेताला पाणी नाही आणि तुम्ही रंग दाखवता, असा हल्ला विरोधकांनीच नव्हे, सरकारातल्या लोकांनीही चढवला. साठ्यांचं उत्तर रोकडं होतं. जग कृष्णधवल टीव्ही सोडून चाललं आहे, आज आपण जुनी यंत्रं घेतली तर उद्या ती भंगारात टाकावी लागतील आणि पुन्हा खर्च करावा लागेल. 1982 च्या नोव्हेंबरात दिल्लीत आशियाई खेळ व्हायचे होते, त्यामुळे मुहूर्त आयता मिळाला. 15 ऑगस्ट 1982 ला लाल किल्ल्यावरून झालेला कार्यक्रम देशाने रंगांत पाहिला. खेळ सुरू होईपर्यंत साठे मात्र त्या खात्यात नव्हते. सप्टेंबरात त्यांच्याकडे रसायन आणि खत खातं आलं. पुढच्या वर्षी, 25 जून 1983 ला, लॉर्ड्सवर वेस्ट इंडीजला हरवून भारताने विश्वचषक जिंकला, तोही लोकांनी टीव्हीसमोर दाटीवाटीने बसून पाहिला. कॅरिबियन बेटांची नावं विदर्भातल्या पोरांना भूगोलाच्या पुस्तकातून नाही, तर त्या संघातल्या गोलंदाजांमुळे पाठ झाली. कोणता खेळाडू जमैकाचा, कोणता बार्बाडोसचा आणि कोणता अँटिग्वाचा, हे सांगण्यात चढाओढ लागायची.

साठ्यांच्या नावावर आणखी एक गोष्ट मांडतात. मेक्सिकोच्या दौऱ्यात त्यांनी तिथल्या लोकशिक्षण करणाऱ्या मालिकांबद्दल ऐकलं आणि तशा मालिकेची कल्पना इकडे आणली. तिचं फळ म्हणजे 'हम लोग'. जुलै 1984 मध्ये ती सुरू झाली तेव्हा साठे खात्याबाहेर जाऊन दोन वर्षं होत आली होती. मनोहर श्याम जोशींचं लेखन, शेवटी पडद्यावर येऊन बोलणारे अशोककुमार, दीडशेहून अधिक भाग. कुटुंबनियोजनासाठी काढलेली मालिका शेवटी सासू, सून आणि नोकरी यांच्याच गोष्टीत रमली. प्रेक्षकांनी तिला तसंच वळवून घेतलं, असं म्हणायला हवं. त्या वर्षी देशभर छोटी प्रक्षेपण केंद्रं इतक्या झपाट्याने उभी राहिली की सरासरी दिवसाला एक उघडलं, असं म्हणत. टीव्ही खेडोपाडी पोचला तो या केंद्रांमुळे, आणि ती साठ्यांच्या नंतरची. पण रंगीत टीव्हीचं श्रेय आणि बोलणी, दोन्ही लोकांनी साठ्यांच्याच खात्यात टाकली. राजकारणात हिशेब असाच ठेवतात.

आता गिरडचा प्रश्न. रंगीत टीव्हीने गिरडला काय दिलं? सगळ्या देशाला जे दिलं तेच. खासदार वर्ध्याचा असल्याने गिरडच्या पडद्यावर रंग जास्त गडद आले नाहीत. केंद्रीय मंत्री या पदाचा स्वभावच असा आहे. खातं देशाचं असतं, मतदारसंघ फक्त पत्त्यापुरता. नंतर साठ्यांकडे पोलाद, खाणी आणि कोळसा हे खातं आलं, आणि ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात ऊर्जा. वर्ध्याचा खासदार देशाचा ऊर्जामंत्री, शेजारच्या चंद्रपुरात कोळसा आणि औष्णिक वीज, आणि तरी शेतकऱ्याच्या पंपाला वीज रात्रीची. ओलिताला रात्री-बेरात्री जायचं, आणि हातात बॅटरी धरून मोटार सुरू करायची. ही तक्रार साठ्यांच्या काळात होती, त्यांच्या नंतर होती आणि आजही आहे. ती एका ऊर्जामंत्र्याने मिटेल अशी अपेक्षा करणंच चुकीचं होतं, कारण वाटपाचं काम राज्याच्या वीज मंडळाचं. पण निवडणुकीत तसं कुणी सांगत नाही. सांगितलं तर मत कोण देईल?

साठे हे मुळात कल्पनांचे पुढारी होते. सरकारी उद्योगांचा गैरकारभार त्यांनी मंत्री असतानाच जाहीरपणे उघड्यावर मांडला आणि त्यावर पुस्तक लिहिलं. संसदीय पद्धतीऐवजी अध्यक्षीय पद्धतीच्या वळणाची लोकशाही हवी, हा त्यांचा आवडता विषय, आणि त्यावरही पुस्तक. आपल्या आठवणींना त्यांनी बुद्धिप्रामाण्यवाद्याच्या आठवणी असं नाव दिलं. नवसाच्या टेकडीखालून मतं मागणाऱ्या माणसाने स्वतःला बुद्धिप्रामाण्यवादी म्हणवावं याची मला नेहमी मौज वाटते, पण त्यात ढोंग नव्हतं. टेकडीवरची कथा त्यांना कुणी ऐकवली असती, तर दगड हातात घेऊन त्यांनी झिओलाइटवर भाषण दिलं असतं, असा माझा अंदाज आहे. मंत्रिमंडळात बसून आपल्याच सरकारच्या धोरणाला प्रश्न विचारणारा पुढारी आज सापडणं कठीण. मला साठ्यांची सर्वात मोठी जमेची बाजू हीच वाटते, आणि ती मतदारसंघाच्या हिशेबात कुठेच धरली जात नाही.

मतदारसंघाने हिशेब वेगळा केला. 1980, 1984 आणि 1989 असे तीन विजय झाल्यावर 1991 मध्ये वर्ध्याने मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या रामचंद्र घंगारे यांना निवडून दिलं. गांधींच्या वर्ध्यातून कोयता-हातोड्याचा खासदार, यावर दिल्लीच्या पत्रकारांनी पुष्कळ शाई खर्च केली. 1996 मध्ये साठे पुन्हा उभे राहिले, तेव्हा भाजपचे विजय मुडे जिंकले. मला या पराभवांत विचारसरणी फारशी दिसत नाही. कापसाच्या भावावरून विदर्भ तेव्हा धुमसत होता. शेतकरी संघटनेने 1990 मध्ये विधानसभेत माणसं पाठवली होती, वर्धा जिल्ह्यातून सरोज काशीकर गेल्या होत्या. शेतकऱ्याला दिल्लीतल्या मोठ्या माणसापेक्षा आपल्या बाजूने भांडणारा माणूस हवा होता. आणखी एक साधी गोष्ट विसरली जाते. खासदार निधी सुरू झाला 1993 च्या अखेरीस. म्हणजे साठे मंत्री असताना त्यांच्या हातात गावाला सभामंडप किंवा रस्त्याचा तुकडा द्यायलाही स्वतःचा असा पैसा नव्हता. नंतरच्या खासदारांच्या नावाच्या पाट्या गावोगावी दिसतात. साठ्यांच्या दिसत नाहीत, त्याचं हेही एक कारण.

शेवटच्या काळात साठे आणि एन. के. पी. साळवे हे दोघे म्हातारे पुढारी वेगळ्या विदर्भासाठी एकत्र आले. आयुष्यभर दिल्लीत वजन राखलेल्या माणसांना उतारवयात वेगळं राज्य हवंसं वाटलं, याचा अर्थ काय लावायचा? दिल्लीतल्या वजनाने विदर्भाचं काही होत नाही, याची ती कबुलीच होती, असं मी समजतो.

साठे दिल्लीचे, तर प्रभा राव जिल्ह्याच्या. त्यांचा जन्म खांडव्याचा, 1935 चा, पण राजकारण पुलगावचं. 1972 मध्ये त्या पुलगावातून विधानसभेत गेल्या आणि 1989 पर्यंत तिथेच राहिल्या, मग पुन्हा 1995 ते 1999. राज्यात त्यांनी वेगवेगळी खाती सांभाळली. 1979 मध्ये, शरद पवारांच्या पुलोद सरकारच्या काळात, काही महिने त्या विधानसभेत विरोधी पक्षनेत्या होत्या. त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या महिला, आणि त्यांच्या पाठोपाठ प्रतिभा पाटील आल्या. प्रदेश काँग्रेसचं अध्यक्षपद त्यांनी दोनदा भूषवलं. 1999 मध्ये वर्ध्यातून लोकसभा, 2008 मध्ये हिमाचल प्रदेशचं राज्यपालपद, 2010 मध्ये राजस्थानचं, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये दिल्लीत मृत्यू. ऐंशीच्या दशकात डॉमिनिकात युजेनिया चार्ल्स पंतप्रधान होत्या, 1980 ते 1995 सलग पंधरा वर्षं, इंग्रजी बोलणाऱ्या कॅरिबियन बेटांतल्या पहिल्या महिला पंतप्रधान. लोकसंख्येने डॉमिनिका पुलगाव मतदारसंघापेक्षाही लहान भरेल. प्रभाताईंकडे संघटना होती, सभागृह गाजवण्याची ताकद होती आणि जिल्ह्याची खडान्‌खडा माहिती होती. मुख्यमंत्रिपद मात्र त्यांच्या वाट्याला आलं नाही. महाराष्ट्रात ते आजवर कुठल्याच बाईच्या वाट्याला आलेलं नाही.

त्यांचा वारसा त्यांचे भाचे रणजित कांबळे यांच्याकडे गेला. ते देवळीचे आमदार आणि काही काळ राज्यमंत्री होते. दत्ता मेघे हे आणखी एक नाव. जन्म पवनारचा, राजकारण नागपूरचं, राज्यात मंत्री, 1998 आणि 2009 मध्ये वर्ध्याचे खासदार. पक्ष त्यांनी अनेकदा बदलले. सावंगीचं वैद्यकीय महाविद्यालय आणि विनोबांच्या नावाचं रुग्णालय मात्र जागचं हललं नाही. पुढाऱ्याच्या शिक्षणसंस्थांबद्दल बरंच बरं-वाईट बोलता येईल, आणि बोलायलाच हवं. पण समुद्रपूरकडचा रुग्ण रुग्णवाहिकेतून सावंगीला नेतात, तेव्हा ते बोलणं थोडं बाजूला ठेवावं लागतं.

गिरडला खरोखर उपयोगी पडू शकेल असं एक मंत्रिपद आहे, आणि ते निवडणुकीत कुणी मागत नाही. ते म्हणजे पालकमंत्री. जिल्हा नियोजन समितीचा अध्यक्ष पालकमंत्री असतो, आणि जिल्ह्याच्या वार्षिक योजनेचे पैसे त्या समितीतून वाटले जातात. आरोग्य उपकेंद्राची इमारत, शाळेच्या खोल्या, पांदण रस्ता, नाल्यावरचा पूल, वीजजोडण्या, सगळं तिथून. बैठक कधी होते, त्यात समुद्रपूर तालुक्याचं काय निघालं, याची बातमी गावापर्यंत क्वचितच येते. आणि वर्ध्याला पालकमंत्री बहुतेक बाहेरचा मिळत आला. सावनेरचे सुनील केदार होते. मग देवेंद्र फडणवीसांकडे एकाच वेळी सहा जिल्हे होते, त्यात वर्धाही. मग चंद्रपूर जिल्ह्यातले सुधीर मुनगंटीवार आले. 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीला झेंडा फडकवायला येणाऱ्याला लोक झेंडामंत्री म्हणतात, ते उगीच नाही. 2024 च्या डिसेंबरात वर्ध्याचे आमदार पंकज भोयर राज्यमंत्री झाले आणि 2025 मध्ये पालकमंत्रीही. जिल्ह्याचा माणूस जिल्ह्याचा पालकमंत्री, ही वर्ध्यात दुर्मीळ गोष्ट. तिचा उपयोग काय होतो, हे नियोजन समितीच्या इतिवृत्तांतून कळेल, भाषणांतून नाही.

'आपला मंत्री' या कल्पनेची परीक्षा एकदा मोठ्या प्रमाणावर झालेली आहे. विदर्भाने महाराष्ट्राला मारोतराव कन्नमवारांसारखा मुख्यमंत्री दिला. त्यांच्यानंतर वसंतराव नाईक अकरा वर्षांहून अधिक काळ त्या खुर्चीवर होते. त्यानंतर, 1984 मध्ये, प्रादेशिक असमतोल मोजणाऱ्या वि. म. दांडेकर समितीने अनुशेषाचा आकडा मांडला. राज्याचा अनुशेष सुमारे 3,186 कोटी रुपये, त्यातला विदर्भाचा सुमारे 1,246 कोटी, म्हणजे शेकडा 39. सिंचनाचा अनुशेष त्यात सर्वात जास्त टोचणारा. मुख्यमंत्री आपला, आणि मागे राहिलोही आपणच. नाईकांचा दोष किती आणि यंत्रणेचा किती, यावर विदर्भात अजून वाद चालतो. माझ्यापुरतं उत्तर असं की मंत्री आपला असला तरी पैसा ज्या सूत्राने वाटला जातो ते सूत्र आपलं नसेल, तर मंत्र्याच्या मोटारीची धूळ तेवढी आपल्या वाट्याला येते.

या आढाव्यात एक नाव मुद्दाम शेवटी ठेवलं आहे. डॉक्टर सुशीला नायर. गांधींच्या वैद्य, सेवाग्रामच्या. 1962 ते 1967 त्या देशाच्या आरोग्यमंत्री होत्या. मंत्रिपद गेल्यावर, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 1969 मध्ये त्यांनी सेवाग्रामात वैद्यकीय महाविद्यालय काढलं. देशात ग्रामीण भागातलं पहिलं वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ते ओळखलं जातं. केंद्र, राज्य आणि कस्तुरबा हेल्थ सोसायटी या तिघांच्या पैशांवर ते उभं राहिलं. आरोग्यमंत्री असताना सरकारी कागद कसा हलतो हे त्यांना कळलं होतं, आणि कागद हलवण्याची ती माहिती त्यांनी पदावरून उतरल्यावर वापरली. विद्यार्थ्यांना खादी घालायला लावली. प्रवेश घेतल्यावर आधी आश्रमात शिबिर, मग गावात मुक्काम, आणि पदवीनंतर खेड्यात काम. या नियमांवर विद्यार्थी कुरकुरतात, काही पळवाटाही काढतात. पण नियम आहेत.

तिथली एक पद्धत जवळून बघण्यासारखी आहे. सेवाग्रामच्या आसपासच्या गावांत रुग्णालयाने आरोग्य विम्याची योजना चालवली, आणि विम्याचा हप्ता घेतला ज्वारीत. हंगामात खळ्यावर माल आला की ज्याची शेती जास्त त्याने जास्त ज्वारी द्यायची, ज्याची कमी त्याने कमी. गावात मापं पडायची, पोती शिवली जायची. हप्ता पैशांत मागितला असता तर उन्हाळ्यापर्यंत कुणाकडेच उरला नसता. ज्वारी त्या दिवशी घरात असते. या योजनेत गावाने एकत्र उतरावं लागे, एकट्या-दुकट्याचं काम नव्हतं. दिल्लीत बसून केलेल्या किती आरोग्य योजनांनी खळ्यावरच्या ज्वारीचा विचार केला असेल? पुढे विदर्भात ज्वारीच कमी होत गेली, शेतं सोयाबीनने भरली, आणि ज्वारीची पद्धत मागे पडत गेली. पण त्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी रांगेत उभं राहिलं, तर वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड, आदिलाबाद, सगळीकडची बोली ऐकू येते. समुद्रपूर तालुक्याचीही येते. गिरडहून पहाटे निघालेला माणूस दुपारपर्यंत कागद दाखवून, रक्त देऊन बाहेर बाकावर भाकरीचं फडकं सोडतो.

गिरडला ज्या मंत्र्याचा आजही जवळजवळ रोज उपयोग होतो, ती ही बाई. 3 जानेवारी 2001 ला सेवाग्रामातच त्या वारल्या. खासदार त्या झाशीच्या होत्या. गिरडच्या मतपत्रिकेवर त्यांचं नाव कधीच आलं नाही.